‘हेट’ म्हणजे द्वेषच का?

ताई, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मुलाखतीला तुम्ही ‘आय हेट ट्रॅव्हलिंग’ म्हणालात, समोरच्यांचे चेहरे बदलले, आणि घरी येऊन डिक्शनरीत ‘हेट म्हणजे द्वेष करणे’ वाचल्यापासून जिवाला घोर लागलाय. राजारामपुरीत 21 वर्षं इंग्रजी शिकवते मी, म्हणून सांगते, व्याकरणात तुमचं काही चुकलेलं नाही. शब्द जड पडला, एवढंच.

डिक्शनरीतला द्वेष खरा आहे, पण तो माणसांचा, जातिधर्मांचा. पेपरात येतं ते ‘हेट स्पीच’ त्यातलं. घरात कुणी ‘आय हेट कॅबेज’ म्हणालं तर त्याचं कोबीशी वैर नसतं. आपण ‘मला कोबी बघवत नाही’ म्हणतो, तेवढाच अर्थ.

खरी अडचण आपल्या मराठीच्या सवयीची आहे. आपल्याला वीट येतो, किळस येते, शिसारी येते, राग येतो. सगळं आपलं आपण येतं. आपण काही करत नाही. इंग्रजीत ‘आय हेट’ म्हटलं की करणारे आपणच. शिवाय ‘येतो’ म्हणजे येऊन जाणारं. ‘हेट’ मुक्कामाला असतं.

माझ्या वर्गात शिरोळकडची एक मुलगी होती. वडिलांनी तिला न विचारता तिची लाडकी म्हैस विकली, तर वहीत लिहून आणलं, ‘आय हेट माय फादर’. मी वही मिटून विचारलं, ‘खरंच?’ तिचे डोळे भरले. म्हणाली, ‘न्हाई हो मॅडम, राग आलाय. द्वेष कशाला करीन बापाचा?’ मग तिनंच खोडून लिहिलं, ‘आय अ‍ॅम अँग्री विथ माय फादर’. त्या दिवसापासून मी हा शब्द शिकवताना आधी मराठीत विचारते: राग, वीट, किळस, की नुसतं आवडत नाही?

कारण प्रत्येकाला इंग्रजीत वेगळी जागा आहे. रोज तीच आमटी खाऊन वीट आला तर ‘फेड अप विथ’. तेच तेच अति झालं, हे त्यात येतं आणि ‘हेट’मध्ये येत नाही. किळस आली तर ‘डिस्गस्टिंग’. आणि नुसतं नावडत असेल तर ‘आय डोंट लाइक’ पुरतं. ‘डिसलाइक’ चूक नाही, पण बोलण्यात जरा कडक वाटतो.

रचनेचं थोडक्यात. ‘आय हेट वेटिंग’ आणि ‘आय हेट टु वेट’ दोन्ही चालतं. ‘डिसलाइक’नंतर मात्र ‘वेटिंग’च, ‘टु वेट’ नको. ‘वुड हेट’नंतर सहसा ‘टु’ येतो. ‘मला कंटाळा येतोय’वरून ‘आय अ‍ॅम हेटिंग’ करू नका. आणि फोनवर कुणी ‘आय हेट टु ट्रबल यू’ म्हणालं तर घाबरू नका, ते आपलं ‘तसदी देतोय, माफ करा’ आहे.

आता तुमचं वाक्य. पुढच्या मुलाखतीत फिरतीचं विचारलं तर म्हणा, ‘आय डोंट एन्जॉय लाँग ट्रॅव्हल, बट आय कॅन मॅनेज इट.’ हे मराठीत ‘फिरती फारशी आवडत नाही, पण निभावून नेईन’ असं मनात म्हणून बघा, आवाज आपोआप बरोबर लागेल.