हळू आघात

प्रिय पोरा,

तुझं पत्र पोचलं. ५ ऑगस्टला तुम्ही पोरं जळगावात त्या भाड्याच्या खोलीवर जमणार, जेफ पोर्कारोनं वाजवलेली गाणी लावणार, जमतील ती वाजवूनही बघणार, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तो गेला १९९२ साली याच तारखेला, वयाच्या ३८ व्या वर्षी. तुझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. अमेरिकेतल्या एका स्टुडिओ ड्रमरची आठवण खान्देशातली पोरं काढतात, याचं कुणाला नवल वाटलं तर वाटू दे. मला वाटत नाही. ताल कानात शिरला की माणूस कुठला, हे कुणी विचारत नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. त्याचा तो ग्रूव्ह, म्हणजे अंगाला डोलायला लावणारी तालाची पकड, हाताला कशी लागेल, आणि मुंबईला जावं का. पहिल्याबद्दलच जास्त लिहितो.

तुझ्या पत्रात त्यानं वाजवलेल्या गाण्यांची लांबलचक यादी आहे. हौशी माणसं आठवण काढायला बसली की याद्याच निघतात. तो यातही होता, त्यातही होता! खरंच होता. शाळा संपता संपता तो मोठ्या गायकांबरोबर दौऱ्यावर निघाला. विशीत असताना स्टीली डॅन या बँडच्या १९७५ च्या अल्बमवर जवळजवळ सगळी गाणी त्यानंच वाजवली. १९७६ साली गायक बॉझ स्कॅग्जच्या अल्बमवर त्याच्याबरोबर जे वादक होते, त्यांच्यातूनच पुढच्या वर्षी त्याचा टोटो हा बँड उभा राहिला. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'वरही त्याचे ड्रम आहेत. पण त्या दिवशी यादी वाचण्यात संध्याकाळ घालवू नका. एकच गाणं घ्या आणि त्यातला एकच ठेका सगळ्यांनी मिळून उकलून बघा. मी सांगेन टोटोचं 'रोझॅना' घ्या. १९८२ चं गाणं, पुढच्या वर्षी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. पण मी ते बक्षिसासाठी सुचवत नाही. स्टुडिओतला वादक काय काम करतो, हे त्या ठेक्यात उघडं दिसतं म्हणून सुचवतोय.

आता नीट ऐक. चार मात्रा आहेत आणि प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, म्हणजे एका आवर्तनात बारा. उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांच्या जोडीवर, पहिला आणि तिसरा तुकडा वाजवतो. मधला तुकडा डाव्या हाताचा, स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, अगदी हळू, काडी कातड्यापासून बोटभरही उचलायची नाही. आणि तिसऱ्या मात्रेवर तोच डावा हात मोठा, भरदार आघात देतो. आवर्तनात मोठा आघात तेवढा एकच. म्हणून गाणं मुळात आहे त्यापेक्षा निम्म्या चालीत चालल्यासारखं वाटतं, पण आतली बारीक चाल पळतच असते. लय शांत आणि अंग अस्वस्थ, दोन्ही एकाच वेळी.

तू तबल्याच्या क्लासला काही वर्षं गेलास ना? मग काड्या हातात घ्यायच्या आधी पढंत कर. तकिट तकिट धाकिट तकिट. यातला 'त' आणि 'ट' म्हणजे हाय-हॅट, 'कि' म्हणजे तो हळू स्नेअर, 'धा' म्हणजे मोठा आघात, हाय-हॅटच्या जोडीनं. आधी तोंडानं म्हण. 'कि' ओठातल्या ओठात राहिला पाहिजे आणि तरी प्रत्येक वेळी जागेवर आला पाहिजे. तोंडाला जमलं नाही तर हाताला जमणार नाही, हे मी कितीतरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय.

त्या हळू आघातांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात. तुम्ही पोरं मोबाईलच्या स्पीकरवर ऐकता, तिथे त्या निम्म्याहून जास्त गळून जातात. हेडफोन लाव. कळण्याच्या भाकरीतला उडीद वेगळा काढून दाखवता येत नाही, पण नसला तर पहिल्याच घासाला कळतं, तसे हे आघात आहेत. तुझं जे रेकॉर्डिंग तू पाठवलंस त्यात मोठा आघात छान पडलाय, हाय-हॅटही स्वच्छ आहे, पण सगळे आघात एकाच ताकदीचे आहेत. बाराही जण एकदम बोलतायत. पोर्कारोच्या वादनात एक जण बोलतो आणि बाकीचे हुंकार देतात. सगळा फरक तिथे आहे. हात किती वेगानं चालतो, याचा त्याच्याशी फार कमी संबंध आहे.

हा ठेका त्यानं शून्यातून काढला नाही, आणि तसं त्यानं कधी सांगितलंही नाही. तो स्वतः उघडपणे सांगायचा की हातांचं काम बर्नार्ड पर्डीच्या शफलवरून, म्हणजे अशाच तिनातिनाच्या झोक्याच्या ठेक्यावरून घेतलंय, थोडं लेड झेपेलिन बँडच्या जॉन बॉनमकडून, आणि खाली किकचा, पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा नमुना गायक बो डिडलीच्या जुन्या तालावरून. पर्डीचं नाव तुझ्या पत्रात एकदाही नाही. तो न्यूयॉर्कचा काळा ड्रमर, स्टुडिओत हजारो सेशन, म्हणजे रेकॉर्डिंगं, केलेला माणूस. स्टीली डॅनच्या १९७७ च्या 'एजा' (Aja) अल्बमवर त्याचा तो शफल ऐकायला मिळतो. ५ ऑगस्टला आधी पर्डी ऐका, मग बॉनम, आणि त्यानंतर पोर्कारो. एका माणसानं दुसऱ्याकडून घेतलं, त्याचं नाव घेतलं, आणि तरी जे केलं ते त्याचं स्वतःचं झालं, हे कानांना समजेल. माझ्या मते त्याची खरी आठवण तीच. किक सगळ्यात शेवटी बसव. तो नमुना दोन आवर्तनांचा आहे आणि हात पक्के झाल्याशिवाय पाय जोडलास तर सगळं विस्कटेल.

मेट्रोनोम, ते टकटक करून लय दाखवणारं यंत्र, ६० वर ठेव. मूळ गाण्याच्या वेगाकडे इतक्यात जाऊ नकोस. साठावर हा ठेका फार उघडा पडतो, दोन आघातांमध्ये इतकी मोकळी जागा असते की भीती वाटते आणि हात पुढे पळायला बघतो. त्या जागेत थांबायला शिक. रोज अर्धा तास एवढाच एक ठेका, मोठ्या आणि हळू आघातांतला फरक तसाच राखून, न थांबता, आणि कुठेही फिल, म्हणजे मध्येच भरायचा तुकडा, घ्यायचा नाही. मोबाईलवर रेकॉर्ड कर, पण लगेच ऐकू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक, तेव्हा कान खरं बोलतात. आणि बेस वाजवणाऱ्याबरोबर वाजव. एकट्यानं वाजवलेला ताल बरोबर असू शकतो, ग्रूव्ह मात्र दोघांत तयार होतो. टोटोतला त्याचा बेसवादक डेव्हिड हंगेट काय करतो, तेही त्याच वेळी ऐकत जा.

आता आपल्याकडचं. तुला वाटतं की आपण खान्देशातले, हे तिकडचं संगीत, आपल्या अंगात ते कुठून येणार. अरे, बाराचे हे तुकडे म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनंच की. आपल्या लग्नात हळदीच्या रात्री, वरातीत, बँडवाले जो खान्देशी ठेका धरतात, त्याचा झोकाही तिनातिनाचाच. नंदुरबारकडे, सातपुड्यात होळीला मोठे ढोल वाजतात, पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं, रात्रभर नाच चालतो, तिथे एकदा जाऊन उभा राहा. आणि ऑगस्टच्याच सुमारास, नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली कानबाई देवी बसते. तुझ्या आजोळी तिचे रोट असतात असं तू मागे म्हणाला होतास. त्या रात्री बायका गाणी म्हणतात तेव्हा टाळ्या ऐक, आणि सोमवारी विसर्जनाला निघाल्यावर त्यांचे पाय बघ. प्रत्येक पाऊल सारख्या जोरानं पडत नाही. एक जोरात, मधलं अलगद, मग पुन्हा उचल. कुणी शिकवलेलं नाही, मेट्रोनोम नाही, आणि लय हलत नाही. तुझ्या डाव्या हाताला जे शिकायचंय ते तुझ्या मावश्यांच्या पायांना येतं.

आमच्या लहानपणी भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. मी पहिला ड्रमसेट तिथल्या नाताळच्या कार्यक्रमात पाहिला आणि वेडा झालो. पण ताल मला शिकवला तो चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्यानं. मी जरा हात जास्त चालवला की तो ढोलकीवर पंजा ठेवून म्हणायचा, "लोके गाना ऐकाले येतस, तुले नही." पुढे मुंबईला स्टुडिओत वाजवायला लागल्यावर समजलं की सेशन वादकाची सगळी विद्या या वाक्यात आहे. पोर्कारोनं वाजवलेलं कुठलंही गाणं घे. आधी गायक ऐकू येतो, मग चाल, मग हळूहळू लक्षात येतं की या सगळ्याला कुणीतरी खालून धरून ठेवलंय. स्वतःकडे लक्ष वेधायला तो एकही आघात मारत नाही.

टोटोच्या 'आफ्रिका' गाण्याची गोष्ट तुला माहीत असेल, पण त्यातलं महत्त्वाचं काय ते सांगतो. त्यानं आणि तालवादक लेनी कॅस्ट्रोनं मिळून बराच वेळ एकच साधा ठेका वाजवला, मग त्या टेपमधली सगळ्यात चांगली दोन आवर्तनं निवडून तीच फिरवत ठेवली. ती निवड बघ. इतका हात असलेला माणूस म्हणतोय की या गाण्याला एवढंच पुरे.

आपल्या मुंबईतही असे लोक होऊन गेले, आणि त्यांची आठवण काढायला कुणी जमत नाही याचं मला दुःख आहे. दत्ताराम वाडकर. मूळचे गोव्याचे, शंकर-जयकिशनचे सहायक, तालाची बाजू त्यांच्याकडे. ढोलकवरचा त्यांचा एक ठेका इतका त्यांचा होता की वादकांत त्याला नावच पडलं, 'दत्ताराम ठेका'. रेकॉर्डिंगला कुणी नुसतं 'दत्ताराम लाव' म्हटलं तरी कळायचं. २००७ साली ते गेले. ड्रमवर लेस्ली गोदिन्हो होते, राहुल देव बर्मन यांच्याकडे फ्रँको वाझ होते. लॉर्ड कुटुंबातले कावस आणि त्यांचे मुलगे केर्सी आणि बुर्जोर होते. घराघरांत त्यांचे हात वाजत होते आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर बहुतेक वेळा त्यांची नावं नसायची. तुमच्या कार्यक्रमात पोर्कारोच्या शेजारी दत्ताराम यांचं एक गाणं लावा. दोन ठेके एकापाठोपाठ ऐका. हळू आघात तिथेही सापडतील, ढोलकच्या डाव्या बाजूच्या घुमाऱ्यात.

अहिराणी गाण्यांचे एवढे स्टुडिओ आता धुळ्यात, जळगावात, शिरपूरकडे उभे राहिलेत. गाणी कोट्यवधी वेळा पाहिली जातात. तू तिथे ऑक्टोपॅड वाजवतोस, हे चांगलंच आहे, त्यात कमीपणा मानू नकोस. पॅडलाही हळू आणि जोरात कळतं, फक्त वाजवणाऱ्यानं तशी सेटिंग ठेवली पाहिजे. बहुतेक जण सगळं एका पातळीवर करून टाकतात, कारण तसं मोठं ऐकू येतं. तू तसं करू नकोस. आणि प्रत्येक गाण्याखाली वादकांची नावं लिहायला लाव. भांडावं लागलं तर शांतपणे भांड. पैसे थोडे कमी मिळाले तरी एक वेळ चालेल, नाव गाळू देऊ नकोस. तुझंच नव्हे, ढोलकीवाल्याचं आणि बँजोवाल्याचंही.

मुंबईचं विचारलंस. नोटेशन वाचता आलं, कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या क्लिकवर न घाबरता वाजवता आलं आणि चार महिन्यांचं भाडं गाठीला असलं की जा. तोवर इथेच पुष्कळ काम आहे. स्टुडिओत वेळेआधी पोचायचं, गाण्याचे शब्द विचारून घ्यायचे, संगीतकारानं दाखवलं त्यापेक्षा कमी वाजवून सुरुवात करायची. बाकीचं तिथे गेल्यावर शिकशील.

त्याच्या मृत्यूबद्दल तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलास. घरच्या अंगणात कीटकनाशक फवारल्यावर त्याला त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी तो गेला. नेमकं कारण काय, यावर पुढे घरचे आणि डॉक्टर यांच्यात मतभेद राहिले, त्यात आपण पडायला नको. पण कापूस पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला फवारणी हा शब्द वाचून पोटात गोळा येतोच. तुझे वडील अजून तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारतात का? त्यांना नीट मास्क आणून दे. हातमोजेही.

तो गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या मित्रांनी लॉस एंजेलिसला मोठा कार्यक्रम केला, आणि त्यातून आलेले पैसे त्याच्या मुलांच्या शिक्षणाला ठेवले. त्यावरून एक सुचतंय. तुम्ही थोडी वर्गणी काढणारच आहात. चहा-नाश्त्याचं जाऊन जे उरेल ते तुमच्या गल्लीतल्या त्या ढोलकीवाल्या बाबांना द्या. डीजे आल्यापासून त्यांना लग्नाचं काम फारसं मिळत नाही, असं तूच लिहिलंयस. नुसते पैसे नकोत, त्यांना बोलवा, पुढे बसवा, आणि तुझा शफल चालू असताना ढोलकी त्यांच्या हातात द्या. त्यांनी शफल हा शब्द ऐकलेला नसेल. दोन आवर्तनांत ते आत शिरतील, याची मला खात्री आहे. ते जे वाजवतील ते रेकॉर्ड करून मला पाठव, त्यांना विचारून, आणि त्यांचं नाव लिहून.

गणपती झाले की इकडे अमळनेरला ये. बेस वाजवणाऱ्या मित्रालाही घेऊन ये. माझ्याकडे स्नेअर आणि हाय-हॅट आहे, किकचं पेडल तुझं आण, माझ्याची स्प्रिंग गेलीये.

तुझा,
नाना