भाड्याच्या घरात ओल, मुलाची छाती वाजतेय, भाडं थांबवू का?

बेळगावातल्या अनगोळहून एका ताईंचा प्रश्न आलाय. तळमजल्यावर भाड्यानं राहतात, भाडं नऊ हजार, अकरा महिन्यांच्या करारातले पाच झालेत. मागच्या खोलीत भिंतीला गुडघाभर ओल आणि काळी बुरशी, सहा वर्षांच्या मुलाची छाती रात्री वाजते, डॉक्टरांनी पंप (इनहेलर) सुरू केलाय. मालक म्हणतात तुम्ही घरात कपडे वाळवता म्हणून होतंय, मधेच सोडलंत तर अ‍ॅडव्हान्स (अनामत रक्कम) विसरा. भाडं थांबवू का, दवाखान्याचा खर्च मागू का?

ताई, कायद्याचं नंतर बघू, आधी आज रात्रीच मुलाचं अंथरूण त्या खोलीतनं हलवा. ओल आणि बुरशीनं खोकला, धाप, दमा वाढतो हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय, म्हणजे तुमची शंका रास्त आहे.

आणि भाडं थांबवू नका. थांबवलंत की तुम्ही थकबाकीदार, मग ओल राहिली बाजूला, मालकच तुम्हाला नोटीस धाडणार.

कपडे वाळवण्याचं म्हणाल तर त्यातनं येणारी ओल बहुतेक वरच्या कोपऱ्यात, खिडकीशी, कपाटामागं दिसते. खालनं वर चढलेली, पांढरा लोणा (मिठासारखा थर) फुटलेली, गिलाव्याचे पोपडे सुटलेली असेल तर ती जोत्यातनं येते, तो बांधकामाचा दोष. एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडनं हे एका पानावर लिहून घ्या, सगळी केस त्यावरच उभी राहील.

आता कायदा. कर्नाटक भाडे कायदा १९९९ साडेतीन हजारांच्या वरच्या भाड्याला लागूच नाही, त्यामुळं तुमचा करार आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ एवढंच हातात आहे. मालकानं दुरुस्ती केलीच पाहिजे असं हे कलम आपोआप म्हणत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. करारात दुरुस्ती मालकाकडं असेल तरच नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबून, स्वतः दुरुस्ती करून तो खर्च व्याजासकट भाड्यातनं कापता येतो. करार कन्नडमध्ये असेल आणि नुसती सही केली असेल तर वाचता येणाऱ्याकडनं ओळ न् ओळ समजून घ्या, मधेच सोडण्याची अट आणि अ‍ॅडव्हान्सची अट खास बघा.

मला जास्त जोर वाटतो तो दुसऱ्या मुद्द्यात. मालकाला माहीत असलेला आणि तुम्हाला साध्या नजरेला न दिसणारा मोठा दोष त्यानं आधीच सांगायला हवा, हेही कलम १०८ मध्येच आहे. घर देताना नवा रंग मारून ओल झाकली होती का? आधीच्या भाडेकरूला शोधा, शेजाऱ्यांना विचारा, त्यांनीही तक्रार केली होती असं निघालं तर मालकाची बाजू फार लंगडी पडते.

दवाखान्याचा खर्च मागता येतो, पण आजार ओलीमुळंच झाला हे कोर्टात सिद्ध करणं अवघड आणि वेळखाऊ, म्हणून तो तडजोडीत मागा. त्रास त्या घरात वाढतो आणि बाहेर कमी होतो असं दिसत असेल तर डॉक्टरांना केसपेपरवर तेवढंच लिहायला सांगा. फोटो काढलेला मोबाईल विकू नका, पुराव्याला मूळ मोबाईल लागू शकतो.

या आठवड्यात स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा: पंधरा दिवसांत दुरुस्ती, नाहीतर घर सोडतो, अ‍ॅडव्हान्स परत द्या. ऐकलं नाही तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा, फोन १५१००. महिलांना वकील तिथं फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि दाव्याआधीच मालकाला बोलावून तडजोड घालतात. जाताना करार, भाड्याच्या पावत्या, इंजिनिअरचं पान आणि केसपेपर बरोबर ठेवा.