हवा वाटून घ्यायचा सराव आणि संसर्गाची भीती

भाऊ, तारकर्लीला डायव्हिंगला जाण्याआधी जळगावातच पोहण्याच्या तलावात सराव करतोयस, हे बरं केलंस. फक्त संसर्गाच्या भीतीने हवा वाटून घ्यायचा सराव, म्हणजे पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपली द्यायचा सराव, गाळू नकोस. सरावात जोडीदाराला स्वतःच्या तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) द्यायचा नाही, पिवळ्या नळीचा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, द्यायचा. त्या दिवशी त्या ऑक्टोपसला तुझं तोंड लागलेलं नसावं.

धुण्याचा क्रम असा: आधी साबणाच्या पाण्याने माउथपीसच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) खाचा घास, कारण लाळेचा थर राहिला तर औषध आत पोचत नाही. मग १ लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली. दहा मिनिटं बुडव, साध्या पाण्याने भरपूर धू. रेग्युलेटर टाकीला जोडलेला नसेल तर पर्ज बटण (हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलणारं) अजिबात दाबू नकोस, पाणी नळीतून फर्स्ट स्टेजपर्यंत, म्हणजे टाकीला जोडायच्या भागापर्यंत, जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेलं ब्लीचचं द्रावण लवकर निकामी होतं, म्हणून ते रोज ताजं कर. मास्कला थुंकी लावायची सवयही सोड.

खोल पाण्यात जोडीदाराने गळ्यावरून आडवा हात फिरवला, म्हणजे हवा संपल्याची खूण केली, तर मात्र संसर्गाचा विचारच नको. हाताला येईल तो रेग्युलेटर दे, तोंडातला असला तरी. त्याने आधी श्वास सोडून किंवा पर्ज दाबून पाणी काढायचं, मगच आत ओढायचं. एकमेकांचा हात धरून, श्वास न रोखता, मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश वर या.