कविता छापली, खुर्ची गेली

प्रश्न : सर, माझे चाचा सौदीत जुबैलला फिटर होते. 'नितकात'चा, म्हणजे कंपन्यांनी ठरावीक सौदी माणसं कामाला ठेवायच्या सक्तीचा, विषय निघाला की ते गाझी अल-गोसैबी या सौदी मंत्र्याच्या नावाने बोटं मोडतात आणि लगेच म्हणतात, 'पण शायर जबरदस्त! कवितेपायी मंत्रिपद घालवलं.' यातलं खरं काय? – एक वाचक, खेड

उत्तर : शायरीचं खरं आहे. शिव्यांचा पत्ता मात्र चुकलाय. नितकात आलं २०११ मध्ये. गोसैबी १५ ऑगस्ट २०१० लाच रियाधमध्ये वारले. तरी चाचांचा राग अगदीच हवेतला नाही. शेवटची काही वर्षं गोसैबी कामगारमंत्री होते, आणि परदेशी माणसांऐवजी सौदी तरुण कामाला लावा म्हणून त्यांनी मालकांमागे लकडा लावला होता. हलकंसलकं काम करायला आपली पोरं लाजतात हे पाहून २००८ मध्ये ते स्वतः जेद्दाच्या एका बर्गरच्या दुकानात तीन तास गिऱ्हाइकांना खाणं देत उभे राहिले. आपल्याकडचा कुठला मंत्री असं करील, सांगा! गंमत म्हणजे जुबैलमध्ये कारखाने उभारणारी 'सॅबिक' ही सौदी कंपनी सुरू झाली १९७६ मध्ये, आणि तेव्हाचे उद्योग व वीजमंत्री हेच. म्हणजे चाचांच्या रोजगारातही त्यांचा हात होताच.

आता कविता. १९८४ मध्ये ते आरोग्यमंत्री होते. दहाव्या शतकातला अरबी कवी मुतनब्बी चुगलखोरांना कंटाळून सीरियातल्या अलेप्पोच्या सैफ अल-दौलाचा दरबार सोडून गेला होता. गोसैबींनी त्याचा मुखवटा चढवला आणि 'मुतनब्बीचा सैफ अल-दौलाला अखेरचा निरोप' लिहून 'अल-जझीरा' या सौदी दैनिकात छापला. तुमच्या-माझ्यामध्ये हजार चुगलखोर कावकाव करताहेत, असा त्याचा सूर. सौदीचे राजे फहद यांना कळायचं ते कळलं: यातला सैफ म्हणजे आपणच. मंत्रिपद गेलं, पण माणूस वाया घालवला नाही: आधी बहारीनला, मग १९९२ पासून लंडनला राजदूत. तिथे २००२ मध्ये एका पॅलेस्टिनी आत्मघातकी मुलीचं गुणगान करणारी कविता छापली, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. ती कविता मला आजही पटत नाही.

वाचायचंच तर त्यांची कादंबरी घ्या, 'शक्कत अल-हुर्रिया' (१९९४). इंग्रजी भाषांतर आहे. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या काळात कैरोत शिकायला आलेली बहारीनची पोरं एक फ्लॅट भाड्याने घेतात. मुंबईतल्या आपल्या गाववाल्यांच्या खोलीसारखाच कारभार, फक्त इथे रात्री वाद भजनी मंडळाच्या वर्गणीवरून नाही, अरब राष्ट्रवाद की साम्यवाद यावरून पेटतात. गोसैबी स्वतः हुफूफचे, बालपण बहारीनमध्ये, कायद्याची पदवी कैरोची, त्यामुळे सगळं आतून लिहिलेलं. आणि या मंत्री-राजदूत असलेल्या गृहस्थांचीच पुस्तकं सौदीत बंद! बंदी उठली ती त्यांच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी.

चाचांना अरबी वाचता येत असेल तर गोसैबींची ती मुतनब्बीवाली कविता त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्या.