होडीचं गंजकं सामान: काय वाचवायचं, काय फेकायचं?

प्रश्न: आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, मासेमारीबंदीत वर ओढून शाकारून ठेवलीय. नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) दोर बांधायचा लोखंडी खुंटा पूर्ण गंजलाय, बोल्टांखालून तांबूस ओघळ आलेत आणि पितळी बिजागऱ्या गुलाबी दिसायला लागल्यात. फिटर म्हणतो सगळं स्टेनलेसचं नवीन करा, पण तेवढं बजेट नाही. स्वस्तात काय होईल?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर: सगळं बदलायची गरज नाही हो. आधी खुंटा काढा आणि हातोडीने ठोकून बघा, पापुद्रे निघून आत चांगलं जाड लोखंड लागलं तर तो वाचला म्हणायचं. असे तुकडे साठवून एकदमच हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला द्या, तिथे वितळलेल्या जस्तात बुडवतात आणि पैसे किलोवर घेतात, म्हणून शेजारच्या दोन-तीन होड्यांचं सामान मिळून नेलंत तर बरं पडतं. गंज ते लोक ॲसिडमध्ये काढतात, तुम्ही घासत बसू नका, पण जुना रंग आणि ग्रीस मात्र घरूनच काढून न्या. बंद पाइप असेल तर भोकं पाडल्याशिवाय देऊ नका, आतल्या हवेने-ओलीने तो ४५० डिग्रीच्या जस्तात फुटू शकतो. आट्यांतही जस्त साचतं, नट बसत नाही, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून घ्यावा लागतो. तेवढंही जमत नसेल तर वायर ब्रश, मग झिंक प्रायमर आणि वर इपॉक्सी रंग, पण दोर घासून घासून रंग लवकर जातो, दरवर्षी हात मारावा लागणार.

बिजागऱ्यांचं मात्र वाईट आहे. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं, उरतं ते सच्छिद्र तांबं, तोच तो गुलाबी रंग. सुरीने खरवडा, गुलाबी वरवरच असेल आणि खाली पिवळं दिसलं तर अजून एखादा सीझन काढा, खोलवर गुलाबी असेल तर पॉलिश करून उपयोग नाही, मोडणारच. बदली गनमेटलची (तांबं-कथलाच्या मिश्रधातूची) घ्या. मुंबईला जाणं होत असेल तर दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं जुनं सामान मिळतं, चकचकीत तुकड्यापेक्षा काळपट जड तुकडा घासून बघा.

पैसे खरे घाला ते बोल्टांवर. स्टेनलेसचा ३१६ ग्रेडच मागा, खाऱ्या पाण्यात कमी टिकणारा ३०४ दिसायला तसाच असतो आणि लोहचुंबकाने फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घ्या. मी एकदा स्वस्तातले घेतले होते, डोकी दोन वर्षं आरशासारखी, आणि उघडायला पाना लावला तर मान पेन्सिलीसारखी तुटून हातात आली. डेकच्या भोकात पाणी साचून हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेसही आतून खातं. म्हणून बोल्ट बसवताना भोकात आणि डोक्याखाली सीलंट भरपूर भरा, कंजूसपणा नको. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेस घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर पांढरी पावडर सुटून पट्टी संपते.

आणि नांगराची साखळी, शॅकल (साखळी जोडायची पिनेची कडी), सुकाणूच्या पिना, यांना रंगरंगोटी करून पुन्हा वापरू नका. कडी जिथे कडीवर घासते तिथे जाडी मोजायला कॅलिपर लावा, चांगलीच झिजली असेल तर सरळ भंगारात. नारळी पौर्णिमेला अजून वेळ आहे, गॅल्व्हनायझिंगवाल्याकडे नंबर आत्ताच लावा.