मुक्काम कर

चि. पोरी,

रविवारी तू गेलीस तेव्हा तुझा चहा तसाच राहिला होता. सगळा वेळ तू मोबाइलवरचं केरळचं पॅकेज मला दाखवत होतीस. पाच रात्री, दोघींचे अठ्ठेचाळीस हजार, त्यातले अठरा तुझ्याजवळ आणि बाकीचे हप्त्यांनी. निघताना पायरीवर चप्पल घालता घालता म्हणालीस, "बाई, नाहीतर आईला इथंच जवळ कुठंतरी नेते. पण जवळ नेलं तर तिला फिरवून आणल्यासारखं होईल काय?" मी गप्प बसले, कारण तेव्हा तोंड उघडलं असतं तर वर्गात ओरडायचे तशी ओरडले असते. म्हणून आज लिहायला बसले.

हप्ते घ्यायचे नाहीत. तुझा पगार मला माहीत आहे आणि वडगावातल्या तुमच्या घराचं भाडंही. यावर आणखी काही लिहीत नाही.

तू किलोमीटर मोजत बसली आहेस. त्यापेक्षा एक हिशेब कर. तुझ्या जन्मापासून तुझी आई घराबाहेर किती रात्री झोपली? मी तिला वीस वर्षं बघते आहे. ती बाहेर झोपली ती भाच्यांच्या लग्नघरी आणि तुझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या व्हरांड्यात. लग्नघरी पहाटे चारला उठून पुऱ्या लाटल्या, दवाखान्यात रात्रभर सलाइनकडे बघत बसली. दुसऱ्या कुणी स्वयंपाक केलाय, आपलं काही काम नाही आणि सकाळी उठायची घाई नाही, अशी एकही रात्र तिच्या वाट्याला आलेली नाही. तिला ती रात्र दे. कुठं द्यायची ते मग बघू. आधी मुक्काम ठरव.

आणि मुक्काम म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या खोलीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तू लगेच म्हणशील की चंदगडला मामा आहे, खानापुरात मावशी आहे, खोलीचे पैसे वाचतील. पाहुण्यांच्या घरी नेऊ नकोस. तिथं गेल्या गेल्या तुझी आई पदर खोचून चुलीपुढं बसेल आणि वहिनीला म्हणेल, तू बस गं, मी थापते भाकरी. पाहुण्यांकडं जायचं तेव्हा जा, ते वेगळं. त्याला सुट्टी म्हणू नकोस.

आता माझं सांगते.

1994 साली आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचं उत्तर भारत झालं होतं, माझंच राहिलं होतं. मी पाचवीला इतिहास शिकवत होते. ताजमहालाचं चित्र फळ्यावर लावायचं आणि स्वतः बघितलेला नाही, याची मला लाज वाटायची. आमचे हे पोस्टात होते. त्यांचं बालपण खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला आत्याच्या घरी गेलं होतं. दर सुट्टीत ते म्हणायचे, "चल, दोन दिवस कणकुंबीला राहून येऊ." मी म्हणायचे, "कणकुंबी काय पळून जात्ये? घरामागंच आहे, कधीही जाता येईल." आणि सोसायटीचं कर्ज काढून एका टूरवाल्याकडं चौघांचे पैसे भरले.

बारा दिवसांत चौदा गावं. रात्री अकराला लॉजवर उतरायचं, पहाटे पाचला शिट्टी. ताजमहाल मला चाळीस मिनिटं मिळाला आणि त्यातली पंधरा मुलाची चप्पल शोधण्यात गेली. यांना मथुरेपासून ताप होता, ते गाडीतच झोपून राहिले. कर्ज फिटायला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत आम्ही लांब गेलो नाही, तसे जवळही गेलो नाही. मुलगा आता पुण्यात असतो. परवा तो म्हणाला, "आई, तू आम्हाला कधी निवांत कुठं नेलंच नाहीस." मला फार लागलं ते. मी काय चैन करायला गेले होते? एका पगारात घर चालत नव्हतं म्हणून मी नोकरी केली, रजा साठवली, आणि मुलांनी देश बघावा म्हणून कर्ज काढलं. तेव्हा सगळे तेच करत होते. त्यात माझं काय चुकलं, हे मला अजूनही पूर्णपणे पटलेलं नाही. पण एवढं कबूल करते की त्या बारा रात्रींतली एकही मुक्कामाची नव्हती. आम्ही फक्त आडवे झालो होतो.

हे 2009 साली गेले. 2011 च्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीला घेऊन कणकुंबीला गेले. जांबोटीच्या पुढं, चोर्ला घाटाच्या रस्त्यावर एक खोली मिळाली. त्या रस्त्यानं गोव्याला जाणाऱ्या गाड्या दिवसभर सुसाट जातात. त्यांच्या लेखी कणकुंबी म्हणजे चहाचा थांबा. पहिला अर्धा दिवस आम्हीही तशाच होतो. मलप्रभा नदीचा उगम बघितला, माउली देवीचं दर्शन घेतलं, आणि तीन वाजता बहीण म्हणाली, "झालं की बघून. पाचच्या गाडीनं परत जाऊया?" मी हट्टानं राहिले. पोरी, खरं जे काही आहे ते ती पाचची गाडी निघून गेल्यावर सुरू होतं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं, रस्ता शांत झाला, आणि कसलीशी कुजबुज कानावर यायला लागली. बघितलं तर ओढ्याचं पाणी. दिवसभर ते वाहतच होतं. खोलीवालीनं नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं दिलं. आठ वाजता आम्ही दोन गोधड्या घेऊन पडलो आणि बहीण लहानपणीच्या अशा गोष्टी बोलली, ज्या चाळीस वर्षांत शाहापुरातल्या घरात तिच्या तोंडून निघाल्या नव्हत्या. सकाळी धुकं इतकं होतं की देवळाची पायरी पायाला लागली तेव्हाच कळलं देऊळ आलं म्हणून. कुंडाजवळ कुणी नव्हतं. ज्या नदीवर सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं एवढं धरण बांधलंय, जी पुढं कुडलसंगमाला कृष्णेला मिळते, ती इथं ओंजळीत मावते. तिथंच कळसा नाल्याचं पाणी उलट्या अंगाला वळतं आणि म्हादई नदीतून गोव्याच्या समुद्राला जातं. हे सगळं मी तीस वर्षं नकाशावर शिकवलं होतं. यांनी ते लहानपणी पायांनी बघितलं होतं आणि मला दाखवायचं म्हणत होते.

म्हणून म्हणते, मुक्काम कर.

शाळेच्या सहलींचंही ओझं माझ्या मनावर आहे. बावीस वर्षं मी मुलांना एका दिवसात गोकाक, गोडचिनमलकीचे धबधबे आणि हिडकलचं धरण दाखवून आणलं. तूही होतीस त्यातल्या एका सहलीत. तुला काय आठवतं? बसमध्ये कोण ओकलं ते. गोकाकला घटप्रभा नदी 52 मीटर खाली पडते, आणि मी शिट्टी वाजवून तुम्हाला अर्ध्या तासात गाडीत बसवत होते. आता तसल्या याद्या मला कुणी दाखवल्या की राग येतो. सकाळी सौंदत्ती, दुपारी नविलुतीर्थ, संध्याकाळी गोकाक! तू तशी यादी करू नकोस. एक गाव, दोन रात्री.

कुठं जायचं ते तुझं तू ठरव, पण दोन जागा सांगते. एक कणकुंबी-जांबोटीचा पट्टा, तो तर झालाच सांगून. दुसरी आंबोली. पावसाळ्यात नको, रविवारी तर नकोच, तिथं माणसंच माणसं असतात. डिसेंबरात मधल्या वारी जा. एमटीडीसीचं, म्हणजे महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाचं, निवास आहे, घरगुती खोल्याही मिळतात. हिरण्यकेशी नदीच्या उगमाला पहाटे जा आणि आईला सांग की हेच पाणी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं आणि गोकाकला कोसळतं. तिला आवडेल, तिचं माहेर त्याच बाजूचं. हलशीही मी सुचवली असती. कदंब राजांची ती जुनी राजधानी, आणि भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. पण ते एका दुपारचं काम. बेळगावच्या किल्ल्यातलं 1204 सालचं जैन देऊळ, कमल बस्ती, तेसुद्धा तसंच, एखाद्या रविवारी दाखवून आण. तीस वर्षं बेळगावात राहून तिनं ते छतातलं दगडी कमळ बघितलेलं नाही, याला काय म्हणायचं? पण ती सुट्टी नव्हे. रात्री तिला घरी येऊन भात लावायचाच आहे.

पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांकडं जाऊ नकोस. वनखातं तिथं बंदी घालतं, ती उगाच नसते.

पैशाचं बघ. कर्नाटकाच्या साध्या बसला तुम्हा दोघींना तिकीट पडणार नाही, 2023 च्या जूनपासून शक्ती योजना आहे. पण ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकातला लागतो. तुझ्या आईचं आधार अजून माहेरच्या पत्त्यावर असेल तर ते आधी बदलून घे. आंबोलीला एसटीनं गेलात तर महाराष्ट्राच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट आहे. खोलीला रात्रीचे दीड-दोन हजार धर, जेवणाखाण्याचे हजार-दीड हजार. सहा हजारांत बसतं. उरलेले बारा हजार बँकेतच राहू देत, त्यातले काढून आणखी एक गाव बघू नकोस.

तुझ्याबरोबरच्या मुली विचारतील, कणकुंबीला काय आहे बघायला? विचारू देत. त्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस, आणि फोटो टाकायचे की नाही हेही मला विचारू नकोस. रविवारी ते तू तीनदा विचारलंस.

आई नाही म्हणेल. म्हणेल, घराला कुलूप कसं लावायचं, दोन रात्री कशाला, एका दिवसात जाऊन येऊ. तिथं तू मऊ पडशील, मला माहीत आहे, तू लहानपणापासून तशीच आहेस. मऊ पडू नकोस. खोलीचे पैसे आधी भर आणि मग तिला सांग. वाया जाणारे पैसे तिला बघवत नाहीत, त्यासाठी तरी ती येईल.

स्वेटर दोन घे, तिकडं रात्री गार असतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटेत खाण्यापुरती. आणि निघायच्या आदल्या रात्री आई झोपली की तिची पिशवी उघडून बघ. त्यात छोटा स्टोव्ह, चहापत्ती आणि विळी सापडेल. ते सगळं काढून आमच्याकडं आणून ठेव. मी जागी असते दहापर्यंत.

तुझ्या बाई
शाहापूर, बेळगाव