पहिल्यांदा पेंच नदीच्या काठी स्केच करायला निघालास ना?

मग सामान अर्धं घरीच ठेव. पहिल्या खेपेला मी इझलपासून (चित्र टेकवायची घडवंची) बावीस रंगांपर्यंत सगळं वाहून नेलं आणि दिवसभर तेच सांभाळत बसलो. एक ४बी (मऊ, गडद) पेन्सिल, ए५ वही, वही धरायला दोन क्लिपा, बसायला चटई. झालं.

पेंच सातपुड्यातून उतरते, पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाप्रमाणे पायी फिरता येत नाही. हद्दीबाहेरचा, गावकऱ्यांच्या वापरातला काठ निवड. वर धरण आहे, पाणी अचानक वाढू शकतं, म्हणून पात्रातल्या खडकावर बसू नको. डिसेंबर-जानेवारी उत्तम. मे महिन्यात? नको रे बाप्पा!

आता मुख्य गोष्ट. नवखे लोक पाणी काढायला जातात आणि लाटालाटांनी कागद भरून टाकतात. पाणी काढायचंच नाही. डोळे किलकिले करून बघ: काळे दगड, ओली कडा, समोरच्या झाडांची गडद पट्टी. एवढं काढलंस की मधला कोरा कागद आपोआप वाहायला लागतो. फार तर दोन-तीन आडव्या रेषा, त्याही प्रवाहाच्या दिशेने.

आणखी दोन चुका:
- खोडरबर. नेऊच नको.
- सावल्या शेवटी काढणं. ऊन सरकतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखून घे. नंतर सरकल्या तरी बदलू नको.

वही सावलीत धर, उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो.

जलरंगांचं पुढच्या हिवाळ्यात बोलू. डब्यात संत्री ने, साली मात्र परत आण.